वारा सुटला की वीज का जाते?

घुग्घुसच्या माणसाला पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात. "कोळशाच्या खाणी तुमच्या दाराशी, चंद्रपूरचे एवढे मोठे वीज केंद्र २५ किलोमीटरवर, मग तुमच्याकडे वीज जाते कशी?" नागपूरचे मेहुणे विचारतात, सुटीत भिवंडीहून आलेली भाची विचारते. आम्ही हसून सांगतो, "विहिरीच्या काठावर घर असले तरी दोर तुटला की घागर रिकामीच राहते." पाहुणेही हसतात आणि विषय संपतो.

या मे महिन्यात मात्र हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिला नाही.

त्या दिवशी पारा ४६ च्या पुढे गेला होता. असरनंतर आभाळ काळवंडले, धुळीचे लोट उठले आणि दहा-पंधरा मिनिटांच्या वाऱ्यात गल्लीच्या तोंडाशी असलेले कडुनिंबाचे झाड तारांवर आडवे झाले. दोन खांब वाकले. वीज गेली ती दोन रात्री आली नाही. पहिल्या रात्री लोकांनी गच्चीवर अंथरुणे टाकली, मुलांना तर मजाच वाटली. पण शेजारच्या खालांना फुफ्फुसाचा जुना आजार आहे. रात्री त्यांना ऑक्सिजनचे मशीन लागते. घरातला इन्व्हर्टर तीन तासांत बसला.

त्यांच्या मुलाने धावपळ करून मंडपवाल्याकडून जनरेटर आणला. आता त्याची वीज घरात घ्यायची कशी? कुणीतरी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर आणली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. घराचा मेन स्विच बंद करायचे कुणाच्याही लक्षात आले नाही. मशीन सुरू झाले, दिवे लागले, सगळ्यांच्या तोंडून 'अल्हम्दुलिल्लाह' निघाले. टॉर्च धरून तिथे आम्हीही उभे होतो.

सकाळी लाईनचे काम करणारे तिघे आले. एकजण खांबावर चढला. तारेला हात लावण्याआधी त्याने टेस्टर लावून पाहिले आणि तसाच खाली उतरला. वीज तर उपकेंद्रातूनच बंद होती, तरी तारेत वीज होती! ती खालांच्या घरातून उलटी बाहेर येत होती. आजूबाजूच्या घरांच्या वायरी झाडाने ओढून तोडल्या होत्या, म्हणून रात्रभर ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

"कुणी जनरेटर लावलाय?" तो गल्लीत उभा राहून ओरडला. आवाजात राग कमी होता, भीती जास्त होती. जवळ गेल्यावर आम्ही त्याला ओळखले. आमच्या आठवीतल्या एका मुलाचे वडील. त्यांनीही आम्हाला ओळखले. "सर, रात्री तुम्ही इथेच होता?" एवढेच ते म्हणाले.

आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो. रोहित्र कसे चालते, ते दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावतो. ११ हजार व्होल्टचे २३० व्होल्ट करणारे रोहित्र उलट्या बाजूने वीज मिळाली तर २३० चे पुन्हा ११ हजार करते, हे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक असून आम्ही टॉर्च धरून उभे राहिलो. त्या माणसाने हात लावण्याआधी तपासले नसते, तर आमच्या वर्गातला एक मुलगा त्या दिवशी यतीम झाला असता.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. हवामान दिवसेंदिवस लहरी होत चालले आहे आणि आपले घर, दवाखाना, पाण्याची टाकी, मोबाइल, सगळे विजेवर आले आहे. वीज का जाते, ती टिकावी म्हणून काय करता येते आणि त्यात आपला वाटा किती, हे एकदा नीट समजून घेऊ.

खाणीपासून पंख्यापर्यंत

घरातला पंखा फिरतो त्यामागे लांबलचक साखळी आहे. खाण, कोळसा वाहणारी रेल्वे, वीज केंद्र, त्याला लागणारे पाणी, मोठे मनोरे, उपकेंद्र, गल्लीतली डीपी, खांब आणि शेवटी घरात येणारी वायर. ऊन, पाऊस, वारा आणि वीज कोसळणे यांतले प्रत्येक संकट या साखळीची वेगवेगळी कडी धरते.

खाणीपासूनच सुरुवात करू. उघड्या खाणी म्हणजे मोठमोठे खड्डे. जोराचा पाऊस झाला की त्यांत पाणी भरते, डंपरचे रस्ते चिखलात जातात, उत्पादन मंदावते. निघालेला कोळसाही भिजलेला असतो. ओला कोळसा यंत्रात चिकटतो, नीट दळला जात नाही आणि त्यातली बरीच उष्णता पाणी वाळवण्यातच जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभरातल्या वीज केंद्रांकडे कोळशाचा साठा धोक्याच्या पातळीखाली गेला होता. विजेची मागणी वाढणे हे त्याचे एक कारण होते आणि खाण भागातला जोरदार पाऊस हे दुसरे.

घुग्घुसकरांना खाणीचा आणखी एक धोका माहीत आहे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी अमराई वॉर्डातले एक राहते घर बघता बघता जमिनीत खोल गेले. हादरा जाणवताच माणसे बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडून जावे लागले. देशाला उजेड देणारा कोळसा जिथून काढला, ती जागा पुढे अशी वागू शकते. म्हणून विजेच्या सुरक्षिततेचा हिशोब करताना खाणीवर राहणाऱ्या माणसांनाही त्यात धरले पाहिजे.

पुढची कडी पाण्याची. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचे आणि ती वाफ थंड करून पुन्हा पाणी करायचे, असे हे काम. थंड करण्यासाठी अफाट पाणी लागते. ते इरई धरणातून येते आणि चंद्रपूर शहराचे पिण्याचे पाणीही त्याच धरणाचे. २०१० च्या उन्हाळ्यात इरईत पाणी इतके कमी झाले की केंद्रातले संच बंद ठेवण्याची वेळ आली. बीड जिल्ह्यातल्या परळीचे केंद्र तर दुष्काळामुळे फेब्रुवारी २०१३ मध्ये पूर्ण बंद पडले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. कोळसा असून, यंत्रे असून, माणसे असून केवळ पाणी नाही म्हणून वीज नाही.

कधी पाणी कमी पडून वीज जाते, तर कधी जास्त होऊन. जुलै २०२२ मध्ये वर्धा आणि इरई नद्यांना पूर आला तेव्हा चंद्रपूरच्या रहमतनगर भागात पाणी शिरले. अशा वेळी डीपीपर्यंत पाणी चढले की वीज मुद्दाम बंद करावी लागते. लोक चिडतात, पण तसे केले नाही तर पाण्यातच करंट उतरतो. पूर ओसरल्यावरही लगेच वीज सुरू करता येत नाही. पेट्या उघडून, वाळवून, तपासूनच ती सोडतात.

शेवटची कडी आपल्या गल्लीतली. रोहित्राच्या आत तेल असते, ते उष्णता बाहेर टाकते. पूर्वी दिवसभर तापलेले रोहित्र रात्री निवायचे. आता मे महिन्यात रात्रीही पारा फारसा उतरत नाही आणि घरोघरी कूलर पहाटेपर्यंत चालतो. रोहित्राला दम खायला वेळच मिळत नाही. उन्हाने आणि जास्त भाराने तारा तापतात, लांबतात, खाली झोळ पडतो. मग वाऱ्याच्या एका झोताने दोन तारा एकमेकींना भिडतात किंवा झाडाला घासतात. वादळात वीज जाते तेव्हा दोष एकट्या वाऱ्याचा नसतो. न छाटलेली फांदी, सैल पडलेला झोळ, मुळाशी गंजलेला खांब आणि ज्यावर नको इतकी घरे जोडली आहेत ती डीपी, हे सगळे आधीपासून तयार होऊन बसलेले असते.

कोकणाने शिकवलेला धडा

हे दुखणे एकट्या विदर्भाचे नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीचे आमचे वाचक ३ जून २०२० विसरले नसतील. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि रायगड-रत्नागिरीत विजेचे हजारो खांब कोसळले. टाळेबंदीचे दिवस, डोक्यावरचे पत्रे उडालेले, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या, आणि कित्येक गावांना वीज यायला काही आठवडे लागले. विजेअभावी नळाचे पाणी बंद, मोबाइलचे टॉवर बंद, आखातातल्या मुलाला आई-वडिलांची खबर मिळेना. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात उपकेंद्रेच पाण्यात गेली होती आणि महावितरणचे जनमित्र नावेतून खांबांपर्यंत पोहोचत होते.

यावर उपाय आहेत. किनाऱ्यावरच्या शहरांत तारा जमिनीखालून न्यायच्या. अलिबाग आणि रत्नागिरीत असे काम चक्रीवादळाचा धोका कमी करण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पातून हाती घेण्यात आले. मात्र भूमिगत केबलला खर्च कित्येक पट येतो आणि ती बिघडली तर दोष शोधायला वेळ लागतो, म्हणून ती सगळीकडे टाकणे परवडत नाही. जिथे परवडत नाही तिथे उघड्या तारांऐवजी आवरण असलेली केबल खांबांवरून नेता येते. तिला फांदी घासली तरी वीज जात नाही. उपकेंद्र पुराच्या रेषेच्या वर बांधता येते. मोठ्या वस्तीला दोन बाजूंनी वाहिनी देता येते, म्हणजे एक तुटली तरी दुसरीवरून वीज सुरू ठेवता येते. आणि सर्वात स्वस्त उपाय म्हणजे पावसाआधी फांद्या छाटणे, झोळ ओढून घेणे, अर्थिंग तपासणे. मान्सूनपूर्व देखभालीसाठी वीज बंद ठेवली की आपण कपाळाला आठ्या घालतो. त्या चार तासांनी पुढचे दोन दिवस वाचतात, हे लक्षात ठेवले तर राग थोडा कमी होईल.

जगाच्या पाठीवरची दोन उदाहरणे इथे सांगावीशी वाटतात. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये मोठा भूकंप झाला. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राला बाहेरून येणारी वीज तुटली, पण आणीबाणीचे डिझेल जनरेटर लगेच सुरू झाले. तोपर्यंत सर्व ठीक होते. मग त्सुनामीच्या लाटा आल्या. बहुतेक जनरेटर तळघरात आणि सखल जागी होते, ते बुडाले. अणुभट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा थांबली आणि पुढचा अनर्थ जगाने पाहिला. एक जनरेटर मात्र उंचावर होता. तो वाचला आणि त्याच्या विजेवर पाचवी आणि सहावी भट्टी सांभाळता आली. सगळा फरक जागेचा.

दुसरे उदाहरण प्युर्टो रिको या बेटाचे. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने अख्ख्या बेटाची वीज गेली. शेवटच्या घरांपर्यंत ती पोहोचायला जवळपास ११ महिने लागले. तिथल्या डोंगराळ आदहुंतास गावात कासा पुएब्लो नावाच्या लोकसंस्थेच्या छतावर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या होत्या. अंधारात तेवढी एक इमारत उजळलेली राहिली. लोक मोबाइल चार्ज करायला, श्वासाचे मशीन लावायला तिथे येत. सगळ्या गावाला वीज देता आली नाही, पण ज्याला श्वासासाठी वीज हवी होती त्याला ती मिळाली.

ते वाचताना आम्हाला आमच्या खाला आठवल्या.

मोहल्ल्याने काय करावे

प्रत्येक मोहल्ल्यात एक मजबूत छत असतेच. शाळा, मशीद, समाजमंदिर किंवा शादीखाना. त्यावर सौर पॅनेल आणि सोबत बॅटरी असेल, तर वादळानंतर दोन मशीन, एक फ्रिज आणि पन्नास मोबाइल सहज चालतील. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतासाठी ३ किलोवॅट आणि त्यावरील संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजना चांगली आहे. पण बॅटरी नसलेला साधा संच गल्लीतली वीज गेली की स्वतःही बंद होतो, भर उन्हातसुद्धा. तसे तो मुद्दामच करतो, नाहीतर त्याची वीज उलटी तारेत जाऊन खांबावरच्या माणसाचा जीव घेईल. आम्ही दोन पिनांच्या वायरीने जे केले, ते होऊ नये म्हणूनच ही सोय आहे. म्हणून बॅटरीवर चालणारा संच हवा असेल तर घेतानाच तसे सांगावे आणि वाऱ्यात पॅनेल उडू नयेत म्हणून त्यांच्या पायांची पकड तपासून घ्यावी.

दुसरे काम बिनखर्चाचे. मोहल्ल्यात कुणाकडे ऑक्सिजनचे मशीन आहे, कुणाकडे नेब्युलायझर, कोण इन्सुलिन घेते, कोणत्या घरात बाळंतीण आहे, याची यादी दोन-तीन जबाबदार माणसांकडे असावी. वादळ आले की आधी त्या दारांवर थाप पडली पाहिजे. आमच्या गल्लीत ती यादी असती, तर खालांना पहिल्या रात्रीच त्यांच्या लेकीकडे हलवले असते. तिच्या भागात वीज होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तेच केले, पण जनरेटरचा तो प्रकार घडून गेल्यावर.

घरात काय करावे

जनरेटर किंवा इन्व्हर्टर जोडताना चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो एका वेळी एकच वीज घरात घेतो, एकतर बाहेरची किंवा आपली. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घरात असेल तर आजच कापून टाकावी. आणि जनरेटर कधीही बंद खोलीत चालवू नये. त्याच्या धुरातला विषारी वायू वासाशिवाय झोपेत माणसे मारतो.

इन्व्हर्टर किती वेळ चालेल, त्याचा हिशोब मुलांना करायला लावावा. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात त्यातले साधारण दोन-तृतीयांश कामी येतात. ऑक्सिजनचे मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास घेते, म्हणजे तीन-साडेतीन तास. तीच बॅटरी ३० वॅटचे दोन नवे पंखे आणि दोन एलईडी दिवे रात्रभर चालवील. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालावे. आणि जिथे पाणी शिरते अशा घरात इन्व्हर्टर जमिनीवर न ठेवता उंच, पक्क्या फळीवर ठेवावा. फुकुशिमाचा धडा आपल्या ओसरीलाही लागू आहे.

वीज गेल्यावर फ्रिज उगाच उघडू नये. बंद फ्रिज चारेक तास थंड राहतो. त्यानंतर इन्सुलिनचे काय करायचे, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. खांबाला आधार देणाऱ्या तिरप्या तारेला कपडे वाळत घालू नयेत, बकरी बांधू नये. तार तुटून पडली असेल तर ती बंद आहे असे समजू नये. मुलांना आणि जनावरांना लांब ठेवावे आणि १९१२ वर कळवावे.

शाळा सुरू झाल्यावर आम्ही आठवीच्या मुलांना एक गृहपाठ दिला. आपल्या गल्लीचा नकाशा काढा, त्यात डीपी, तारांना लागलेली झाडे आणि ज्या घरात आजारी माणूस आहे ते घर दाखवा. मुलांनी मन लावून केला. त्या मुलाच्या नकाशात एक गोष्ट जास्तीची होती. कोणत्या घरी जनरेटर आहे, त्यावर त्याने लाल खूण केली होती. आम्ही कारण विचारले तर म्हणाला, "सर, अब्बूंना माहीत असावे म्हणून."

तो नकाशा आता त्याच्या अब्बूंच्या खिशात असतो. खालांच्या घरी चेंजओव्हर स्विच बसला आहे. गल्लीच्या तोंडाशी नवे खांब उभे राहिले आहेत आणि त्यांच्या जवळच दुसऱ्या एका कडुनिंबाच्या फांद्या तारांकडे वाढू लागल्या आहेत. या आठवड्यात त्या छाटण्यासाठी अर्ज द्यायचा आहे. गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या झाल्या, तीन बाकी आहेत.